पंचमीचा मुराळी

लोक पोरीला स्थळ बघतात तशी बायाक्का पोरांना घरं बघायची. स्थळ बघणारे मुलाची नोकरी बघतात, घरची शेती बघतात. बायाक्का बघायची ते घरातल्या बाईचा आवाज, सासूचं अंथरूण कुठल्या खोलीत, चूल कुठल्या अंगाला, आणि नवरा चिडला की भांडं आपटतो की मुकाट्यानं मागावर जाऊन बसतो. बेळगावला लागून असलेल्या वडगावच्या विणकर गल्लीतलं एकेक घर तिनं असं मनात मांडून ठेवलं होतं. कुणाच्या नावावर माया जमा, कुणाच्या नावावर नुसताच आव जमा, हे तिला त्या घरातल्या माणसांपेक्षा नक्की ठाऊक होतं. आव जास्त असलेल्या घरी ती चहा पिऊन यायची. पोर ठेवायची नाही.

सन छत्तीस-सदतीसची ही गोष्ट. डोक्यानं बिनसलेल्या माणसांसाठी सरकारी इस्पितळं होती, पण लांब. आणि तिथं पोरांची वेगळी सोय नव्हती. मोठ्यांच्या कोठडीत पोर कोंडायचं, नाहीतर घरी खांबाला बांधायचं, नाहीतर देवरशाच्या हवाली करायचं. डॉक्टर आजरेकरांनी अशाच एका इस्पितळात नोकरी केली होती. बाप्यांच्या कोठडीत कोपऱ्यात मुडपून बसलेलं एक पोर तिथं त्यांनी पाहिलं आणि नोकरी सोडून ते बेळगावला आले. पोरांसाठी निराळी इमारत बांधायची, बाग करायची, नियम करायचे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी अर्ज केले, मोठमोठ्या लोकांच्या दिवाणखान्यात बसून सरबतं प्याली. इमारत काही मिळाली नाही. बायाक्का मिळाली.

बायाक्का त्यांच्या ओळखीच्या दवाखान्यात आया होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि वडगावात माग चालत नाही असं घर तिचं एकटीचंच होतं. तिनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इमारत कशाला पाहिजे? गल्लीत घरं काय कमी आहेत? एका घरात एक पोर ठेवायचं. एका घरात दोन खुळी झाली तर घरच्यांना कळायचं नाही, आपण कुणाच्या बाजूचे. डॉक्टर हसले, मग सायकलवरून तिच्या मागोमाग गल्लीत आले.

तेव्हापासून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा येऊन पोरं तपासायची आणि बाकीचे दिवस बायाक्कानं निस्तरायचे, अशी वाटणी झाली. कुठलं पोर कुठल्या घरात, कुणाला कधी शाळेत बसवून बघायचं, कुणाच्या आईला भेटू द्यायचं आणि कुणाच्या बापाला वेशीवरूनच परत लावायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. त्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे खोटं सांभाळणं. पोर खुळं झालंय असं गावात कुणी सांगत नाही. त्यामुळे गल्लीतलं एक पोर त्याच्या गावच्या हिशेबानं कोल्हापुरात तालमीत होतं, एक पोरगी आत्याचं बाळंतपण करायला गेली होती (ते बाळंतपण दुसऱ्या वर्षात पडलं होतं), आणि एकजण म्हणे मुंबईत छापखान्यात होता. ही सगळी खोटी बायाक्काला तोंडपाठ होती, आणि ती फुटू नयेत म्हणून तिनं गल्लीला एकच नियम घातला होता. पोराच्या गावाकडं पाऊल टाकायचं नाही. पोर बरं होऊन गेलं की गेलं.

जयवंता आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. निपाणीच्या बाजूचं तंबाखूचं गाव. तिच्या घराशेजारच्या वखारीला आग लागली तेव्हा ती आत होती. लोकांनी बाहेर काढली, अंगावर एक फोड नव्हता, पण वाचा गेली. धूर दिसला की किंचाळायची, रानात पळत सुटायची, जेवायची नाही. बाप जोतिराम तिला बैलगाडीत गोणपाटाखाली निजवून निपाणीपर्यंत आणि तिथून मोटारीनं बेळगावला घेऊन आला. गावात त्यानं सांगितलं, पोरगी गडहिंग्लजला मावशीकडं गेलीय.

बायाक्कानं तिला तम्मण्णाच्या घरात ठेवली. डॉक्टर म्हणाले, अहो, तम्मण्णाची बायको यल्लव्वा क्षणभर गप्प बसत नाही, ह्या मुलीला शांतता पाहिजे. बायाक्काचा हिशेब वेगळा होता. आजवर जो तो त्या पोरीपुढं बसून म्हणत होता, बोल गं, एक शब्द तरी बोल. यल्लव्वा कुणाच्या उत्तराची वाटच बघत नसे. ती विचारायची तीच, सांगायची तीच आणि चुकलं म्हणून स्वतःला दटावायचीही तीच. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. शिवाय तिची चूल मागच्या परसात होती आणि पुढच्या खोलीत नुसता माग. तम्मण्णा आणि त्याचा थोरला मुलगा यमनाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणायचे. पोरगी यल्लव्वाशेजारी रहाटावर कांड्या भरायला बसली, आणि सहा-सात महिने यल्लव्वाचं बोलणं तिच्या अंगावरून पाण्यासारखं वाहून गेलं. मग एके दिवशी दुपारी, सूत तुटलं असताना, पोरगी म्हणाली, "मावशी, जरा गप ऱ्हा की."

यल्लव्वा तशीच उठून गल्लीभर सांगत सुटली, पोरगी मला गप म्हणाली. एरवी असं म्हणणाऱ्याशी तिनं दोन पिढ्यांचं वैर धरलं असतं.

पुढच्या फाल्गुनात डॉक्टरांनी जयवंता बरी झाली म्हणून सांगितलं. चुलीपुढं बसून ती भाकरी थापू लागली होती. धूर डोळ्यांत गेला तर डोळे पुसायची, एवढंच. जोतिराम न्यायला आला. निघताना यल्लव्वानं उंबऱ्यावर पोरीला उभी केली, तिची ओटी भरली, खण दिला, नारळ दिला. बायाक्का तिथंच होती. तिनं बघितलं आणि मनात एक नारळ एवढंच मांडलं. माणसं वाचण्यात ती सहसा चुकत नसे. त्या दिवशी चुकली.

कारण यल्लव्वाच्या लेखी तो नुसता नारळ नव्हता. आपल्या उंबऱ्यावर ओटी भरून धाडली ती लेक. आणि लेकीला पंचमीला आणायची नाही, तर मग लेक कशाला म्हणायचं?

त्या भागात दिवाळी एकवेळ साधी होईल, नागपंचमी नाही. झाडाझाडाला झोके बांधतात, घरोघरी लाह्या भाजतात, तंबिटाचे लाडू वळतात, आणि सासरी गेलेल्या सगळ्या पोरी माहेरी येतात. त्यांना आणायला माहेरहून माणूस जातो, तो मुराळी. श्रावण लागला तसं यल्लव्वानं लाडवांची बुट्टी भरली, फडक्यानं बांधली, यमनाप्पाच्या डोक्याला बापाचा पटका गुंडाळला आणि बायाक्काला न सांगता त्याला निपाणीच्या मोटारीत बसवून दिलं. यमनाप्पा विशीतला, मागावर हात चांगला चालणारा, पण सांगितलं तेवढंच करणारा गडी. नियम आईनं मोडला होता; त्यानं फक्त बुट्टी उचलली.

दुसऱ्या दिवशी तो बुट्टीसकट परत आला. बायाक्काला कळलं तेव्हा तो तम्मण्णाच्या कट्ट्यावर बसला होता आणि यल्लव्वा दारात उभी होती, गप्प. काहीतरी बिघडलंय हे बायाक्काला कळलं ते यल्लव्वाच्या गप्प बसण्यानं.

यमनाप्पानं सगळं सरळ सांगितलं. गावात शिरल्यावर देवळापाशी बसलेल्या माणसांना त्यानं विचारलं, जोतिरामांचं घर कुठलं. मी वडगावहून आलोय, जयवंताला पंचमीला न्यायला, मुराळी. एवढं त्यानं पटका बांधून, बुट्टी धरून, चारचौघांत सांगितलं. मुराळी येतो तो लग्न झालेल्या पोरीला. पोरगी तर बापाच्या घरात. मग हा न्यायला आलाय तो सासरहूनच असणार. बघता बघता गावात झालं, की जोतिरामानं लेकीचं लग्न गुपचूप उरकलंय, तेही कोष्ट्यात, विणकरांच्या घरी. कुणीतरी विचारलं, तू तिचा नवरा काय रं? यमनाप्पा म्हणाला, छे छे, मी भाऊ. तेव्हा त्याला दीर ठरवून बायका नवरा कोण त्याची चौकशी करू लागल्या. आणि पंचमीला पोर सासरी नेणारी ही कसली जात, म्हणून म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला.

"आणि पोरगी?" बायाक्कानं विचारलं.

"मला बघून हसली की. कापडं आणतो म्हणून आत गेली. मग तिच्या बानं दार लावलं." यमनाप्पा पटक्याचं टोक चिवडत राहिला. "मी पुन्ना हाक मारली तर आतनं काय बी बोलली न्हाय. तिची आई म्हणाली, मघाधरनं तोंड मिटूनच बसलीया."

बाकीच्या गोंधळाचं बायाक्काला फारसं वाटलं नसतं. गावगप्पांचं आयुष्य एका सुगीपुरतं. पण पोरीनं पुन्हा तोंड मिटलं होतं. इतके महिने वाट बघून मिळालेला आवाज गेला तर पुन्हा कुठल्या घरात ठेवायचं, हे तिच्या मनात मांडलेल्या एकाही घरावर बोट ठेवून सांगता येत नव्हतं. डॉक्टर शनिवारी यायचे आणि पंचमी परवावर आली होती. तिनं यल्लव्वाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. सकाळच्या मोटारीनं निघाली, आणि जाताना ती बुट्टी उचलून घेतली.

जोतिरामाच्या घरापुढं बायका शेंगा निवडायच्या निमित्तानं जमल्या होत्या. शेंगा थोड्या आणि बायका जास्त, यावरून काय चाललंय ते बायाक्काला कळलं. मधोमध मालुबाई बसली होती, जोतिरामाची चुलतबहीण. घर समोरच, विधवा, तोंडानं फटकळ. गावात कुठलीही बातमी तिच्या घरावरून गेल्याशिवाय खरी होत नसे. जोतिराम बायाक्काला बघून उठला, तिला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, तुमी फकस्त एवढंच म्हणा, मुराळी चुकून आमच्या घरला आला. दुसऱ्या जोतिरामाकडं जायाचा हुता."

खोटं वाईट नव्हतं. बायाक्कानं ह्याहून कच्ची खोटी वर्षानुवर्षं चालवली होती. पण ती म्हणाली, आधी पोरीला विचारते.

जयवंता आत भिंतीला टेकून बसली होती. बायाक्का शेजारी बसली आणि बोलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं बुट्टीचं फडकं सोडलं आणि एक लाडू स्वतःच खायला घेतला. पोरगी तिच्याकडं बघत होती. मग तिनंही हात घातला. लाडू खाता खाता बायाक्कानं सांगितलं, की बाहेर तुझ्या लग्नाची बोलणी संपून बाळंतपणाची सुरू होतील, एवढा वेळ झालाय. तुझा बा म्हणतोय मुराळी घर चुकला म्हणून सांगा. तू म्हणशील तसं मी सांगते. घर तुझं, गाव तुझं.

बायाक्कानं लाडू संपवला, हात झटकले. उठायला जमिनीला हात टेकला, तेव्हा पोरगी बोलली. आवाज बसलेला, पण होता.

"चुकला म्हणू नगा. पुन्ना कवाच येणार न्हाय मग त्यो."

"मग काय म्हणू?"

"मी आजारी हुतो म्हणा." तिनं हाताला लागलेला गूळ चाटला. "लगीन झालंय म्हणण्यापरीस ते बरं. आजार बरा तरी हुतोय."

बायाक्का बाहेर आली आणि कट्ट्यावर बसून तिनं सरळ सांगितलं. पोरगी आगीत भ्याली होती, तिची वाचा गेली होती, दीड वर्ष आमच्या गल्लीत एका घरी ठेवून डॉक्टरांनी तिला बरी केली. ज्या घरी होती त्या बाईला ती लेकीसारखी झाली, म्हणून पंचमीला मुराळी धाडला. लग्नबिग्न काही नाही. जोतिरामानं खाली मान घातली. त्याचा चेहरा असा झाला, की अंगावरचा सदरा कुणी भर बाजारात काढून घेतलाय.

एक बाई म्हणाली, म्हणजे येडीच झालती म्हणायची. दुसरीनं पदर तोंडाला लावला. आणि मग मालुबाईचे प्रश्न सुरू झाले. बायाक्का कान देऊन ऐकू लागली, कारण प्रश्नांवरून माणूस तिला उत्तरांपेक्षा चांगला कळायचा. नुसती हौस असणारी बाई विचारते घर कुणाचं, जात कुठली, किती माणसं. मालुबाईनं विचारलं, बांधून ठेवता काय? बायाक्का म्हणाली, नाही. मारता काय? नाही. मग अंगावर धावून आलं तर? पळून गेलं तर कोण शोधायला जातं? खायला काय घालता, आणि खाल्लं नाही तर? आणि मग, आवाज जरा खाली आणून, आईला बघायला येऊ देता काय?

आपल्या भावाच्या पोरीसाठी कुणी असलं विचारत नाही; ती तर बरी होऊन आत लाडू खात बसली होती. ह्या बाईचं कुणीतरी कुठंतरी बांधलेलं आहे, हे बायाक्कानं ओळखलं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. प्रत्येक प्रश्नाला तिनं सावकाश उत्तर दिलं, जणू सगळा कट्टा रिकामा आहे आणि समोर एकटी मालुबाईच बसली आहे. आईला येऊ देतो, म्हणाली. पहिले काही दिवस नाही. मग पोरानं विचारलं की लगेच.

तेवढ्यात त्या पहिल्या बाईनं पुन्हा येडीचा विषय काढला.

"आजारी हुती म्हणून सांगितली न्हवं ती?" मालुबाई म्हणाली. "कान काय घरला ठिवून आलीस काय गं? तुजी सासू हिवतापात देवाला शिव्या देत हुती, तिला कुणी येडी म्हणालं काय?"

त्या बाईनं पुढ्यातल्या शेंगा गोळा केल्या. बाकीच्यांना एकदम आपापल्या चुली आठवल्या. मालुबाईनं शब्द दिला होता, म्हणजे आता संध्याकाळपर्यंत गावात तेच खरं होणार होतं. उठता उठता ती जोतिरामाला म्हणाली, "आणि तू रं, मान वर कर. सणाला न्यायाला माणूस आलतं, बुट्टी घिऊन. दार लावतंय व्हय कुणी? धाड पोरीला हिच्यासंगं. मानलेलं म्हायेर बी म्हायेरच की."

जोतिराम नाही म्हणाला असता, तर गावात पहिल्यांदाच कुणी मालुबाईला नाही म्हटलं असतं. तो आत जाऊन पोरीचं गाठोडं घेऊन आला. बरोबर आईनं शेंगांची पिशवी दिली, मोकळ्या हातानं कशी पाठवायची म्हणून. जाताना त्यानं बायाक्काला विचारलं, त्या गड्याला मी बोललो जरा, तो रागावला नाही ना? बायाक्का म्हणाली, तो आईचं बोलणं ऐकत मोठा झालाय, तुमचं कुठलं त्याला लागतंय.

फाट्यावर मोटारीची वाट बघत दोघी झाडाखाली उभ्या होत्या, तर पाठीमागून मालुबाई आली. हातात ताकाचा तांब्या, दाखवायला. पोरीला ताक दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला थोडं पुढं झोके बांधत होते तिकडं बघायला पाठवलं. मग बायाक्काकडं न बघता बोलली. तिची लेक चिकोडीकडं दिलेली, तिचं पोर. भिंतीवर कपाळ आपटून घेतंय. घरची खांबाला बांधून ठेवतात, लेकीनं रडून डोळे घालवलेत.

बायाक्कानं विचारलं, कपाळ कधी आपटतं? कुणी हात लावला की, का कुणी जवळ नसलं की? मालुबाईला ते सांगता आलं, आणि ते सांगता येतंय म्हणजे ही बाई त्या पोराजवळ बसून राहिलेली आहे, हेही बायाक्काच्या मनात मांडलं गेलं. पंचमी झाली की आणा, म्हणाली. आणि गावात काय सांगायचं ते आधी ठरवा, म्हणजे मलाही तसंच सांगता येईल.

"ते माज्यावर सोडा," मालुबाई म्हणाली. "मी सांगितल्यालं कोण खोटं म्हणतंय?"

मोटार आली. पोरगी खिडकीशी बसली, मांडीवर शेंगांची पिशवी घेऊन. संकेश्वर मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या प्रत्येक चिंचेला झोका दिसला की मान वळवून बघायची. बायाक्का डोळे मिटून गल्लीतली घरं एकेक करून आठवत होती. हात लावला की आपटतं, म्हणजे लाड करणाऱ्या बायकांची घरं गेली. भिंती मातीच्या आणि वर शेणामातीचा पोचारा जाड दिलेला असं घर पाहिजे. बाप्या घरी असणारा, पण दुरून बघणारा. तम्मण्णाच तसा. शिवाय यल्लव्वाचं घर आता मोकळंच होतं, आणि यल्लव्वाचे हात सदा रहाटावर असतात. ती पोराला नुसतं बोलेल, शिवणार नाही. बायाक्का स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाली, मालुबाईच्या नातवाला यल्लव्वाकडंच ठेवावं.

पोरीनं खिडकीतून तोंड आत घेतलं.

"तिथं नगो," ती म्हणाली.

"का गं? मोकळं घर हाय."

"मोकळं कुठलं? तिथं मी हाय."

"तू काय, चार दिसांची."

"असू द्या. पुढल्या पंचमीला बी हाय." ती पिशवी मांडीवर नीट धरून बसली. "त्या पोराला शेजारच्या घरात ठिवा. मावशी बोलल्यालं तितनं बी ऐकू येतंय."

बायाक्कानं शेजारचं घर मनात उघडलं. म्हातारा-म्हातारी, चूल मागं, म्हातारा दुरून बघणारा, भिंती मातीच्या. आवाज तर खरंच ऐकू जायचा. तिनं होकारार्थी मान हलवली आणि यल्लव्वाच्या घरापुढं, जागा भरलेली, अशी मनात खूण केली.